निरंक

कडुलिंबाच्या खोडात ठोकलेल्या खिळ्याला एक पिशवी लटकतेय. तिच्यात कार्बन, डिंकाची बाटली, स्टॅम्पपॅड. खाली पत्र्याचं टेबल, त्यावर टाइपरायटर आणि टाइपरायटरवर खताच्या पोत्यातलं प्लॅस्टिक, कारण मृग लागून पाच दिवस झालेत आणि आभाळाचा काही नेम नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं हे तालुक्याचं गाव. पुढं पैनगंगा, पलीकडं तेलंगणा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी वडिलांच्या शेताच्या फेरफाराचा अर्ज लिहून घ्यायला आलेय. अर्जनवीस बापूजींच्या टेबलासमोर माझा सहावा नंबर. आज बाजार. रस्त्याच्या पलीकडं ओळीनं कृषी केंद्रं आहेत आणि प्रत्येकापुढं कपाशीच्या बियाण्यासाठी माणसांची दाटी. बापूजींच्या पाठीमागं कचेरीची भिंत आहे. माणूस खाली बसला की हात पोचेल एवढ्या उंचीवर त्या भिंतीला निळे-जांभळे डाग पडलेत, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. अंगठा उठवला की लोक शाई तिथंच पुसतात.

पाचव्या नंबरवर मायलेकी आहेत. मायलेकी हे मी चेहऱ्यावरून म्हणतेय. हनुवटी एकच आहे. आईचं वय छत्तिशीच्या आसपास. तिच्याजवळ बांबूच्या चार टोपल्या, एकात एक बसवलेल्या. कोलामांच्या हातची वीण ओळखू येते. आणि कपाशीच्या बियाण्याची एक थैली. मुलगी सतरा-अठराची, छातीशी फाइल धरून. दोघी आपसात कोलामीत बोलतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही, कानाला थोडं तेलुगूसारखं लागतं. माझ्याकडं बघून आई मराठीत म्हणते, "तुमचं लवकरचं असन तं बसा समोर, ताई."

"नाही नाही, तुमचाच नंबर."

बापूजी फाइल उघडतात. चष्मा नाकावर सरकवून एकेक कागद टेबलावर मांडतात, पत्ते मांडावे तसे. बारावीची गुणपत्रिका. शाळेचा दाखला. आधारच्या झेरॉक्स. आईचं रेशनकार्ड. मुलीला नर्सिंगला जायचंय, त्यासाठी जात वैधता हवी, वैधतेसाठी वंशावळ हवी. बापूजींचं बोट दाखल्यावर थांबतं, मग रेशनकार्डावर जातं, परत दाखल्यावर येतं.

"बाई, ही तुही पोरगी ना?"

"हो बापूजी."

"मंग दाखल्यावर बापाचं नाव तुह्या बापाचं कसं?"

ती उत्तर देत नाही. टोपलीच्या काठाची निसटलेली एक काडी नखानं आत दाबत राहते.

"म्हंजे कागदावर तुम्ही दोघी बहिणी झाल्या," बापूजी म्हणतात. आवाजात कुत्सितपणा नाही. चाळीसेक वर्षं अर्ज लिहून त्यांचा आवाजच टाइप केल्यासारखा झालाय.

मुलगी पहिल्यांदा बोलते. "गुरुजींनी लिहिलं होतं. पहिलीत नाव टाकताना." तिचं मराठी पुस्तकी, आश्रमशाळेचं. "ते म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही. आजोबा सोबत होते, त्यांचंच लिहिलं."

गुरुजींचं वाईट वाटत नाही मला. त्यांनी त्या दिवशी पोरीला वर्गात घेतलं, आणि हजेरी घेताना चाळीस पोरांच्या देखत तिची मान खाली जाऊ दिली नाही. नंतर दरवर्षी तीच नोंद पुढं उतरत गेली. नाती अशी कारकुनी हातानंही तुटतात, कुणाच्या मनात वाईट नसताना.

बापूजी मला ओळखतात, म्हणून आईचं लक्ष टोपल्यांकडं असताना हनुवटीनं रस्त्यापलीकडं खूण करतात. डावीकडून तिसरं कृषी केंद्र. गल्ल्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस पावत्या फाडतोय. कपाळाला अष्टगंध. खूण मला लगेच कळते, आणि तितकंच लगेच हेही की ही खूण या झाडाखाली बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणार. तिच्या थैलीवर ज्या दुकानाचा शिक्का आहे ते दुकान मात्र पार त्या टोकाचं आहे.

तेव्हा तो तेंदूच्या फळीवर, पानं गोळा करायच्या जागी, मुन्शी होता, असं बापूजी नंतर, चहाच्या वेळी सांगतात. तेंदूचा हंगाम ज्यांनी पाहिला नाही त्यांना मुन्शीची ताकद कळायची नाही. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सत्तर सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर रांगेत ठेवायचा. मुन्शी रांगेतून हिंडतो. हा पुडा लहान, हा ओला, यात पानं फाटकी. एवढं म्हणून पायानं बाजूला सारलं की दिवस फुकट. मजुरी शेकड्यावर, आणि शेकडा भरला की नाही हे ठरवणारा तो एकटा. जो पुडे मोजतो त्याच्याशी गोड बोलावंच लागतं. तो बाहेरगावचा, पैसेवाला, मोटारसायकलवाला, पोरगी अठराची. लग्न करीन म्हणाला. हंगाम संपला, फळी उठली.

हे एकटीचं नाही. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात फळीवरचे मुन्शी, रस्त्याच्या कामावरचे ठेकेदार, त्यांचे ट्रक ड्रायव्हर, बदलीवर आलेले नोकरदार असेच आले आणि गेले. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. गावापासून लांब पोडावर, म्हणजे आपल्या वेगळ्या वस्तीवर राहणारी, मुखदुर्बळ म्हणून सगळ्यांना सोयीची. यांच्या लेकींबद्दल पेपरात मथळे आले, सर्वेक्षणं झाली, विधिमंडळात प्रश्न झाले. सरकारचा आकडा आणि संस्थांचा आकडा कधी जुळला नाही. त्या काळात एक शब्द रूढ झाला: कुमारी माता. ऐकायला एखाद्या टेकडीवरच्या देवीचं नाव वाटावं. नवरात्रात जत्रा भरेल असं. यादीत मात्र त्याचा अर्थ एवढाच की या बाईच्या नावापुढं फुली मारा.

"किती वेळा लिवून नेलं माह्यं नाव," आई सांगते. आता ती थोडी मोकळी झालीय. "जीप ये. फोटू काढे. इचारे, कसं झालं, कोठी झालं. एका बाईनं तं इचारलं, तुले समजलं नाई का तवा?" ती हसते. "थ्या साली पोडावर पाणी नव्हतं. थे कोनं इचारलं नाई."

मी मान खाली घालते. माझ्या पर्समध्येही वही आहे.

पोडानं काय केलं, ते ती आपणहून सांगते. चावडीवर माणसं बसली, नाईकानं तिच्या बापाला बोलावलं. दुसऱ्या जातीच्या माणसाचं लेकरू, म्हणजे गोताबाहेर. दंड ठरला: दोन बकरे आणि सगळ्या पोडाला जेवण. बापानं बैल विकला. जेवण झालं, बापाच्या हातचं पाणी पुन्हा सगळे प्याले, बाळंतपण पोडावरच्या म्हातारीनंच केलं, लेकरू सगळ्यांच्या अंगणात रांगलं. आज असा दंड घेतला तर तो २०१६च्या सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात बसू शकतो, आणि कायदा बरोबरच आहे. गुन्हा एकाचा आणि बैल गेला दुसऱ्याचा. तरी एक गोष्ट मला खटकत राहते. पोडाचा दंड एकदा भरून संपला. या गावाचा अजून चालू आहे. ती टोपल्या घेऊन बाजारात बसली की अजून कुणीतरी शेजारणीला कोपर मारतं.

हे कोपर मला ओळखीचं आहे. माझं बालपण याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं, सत्तरच्या दशकात. आमच्या गल्लीतली एक ताई, दहावी झालेली, भरतकाम शिकवायची. एका पहाटे तिच्या दाराशी सायकलरिक्षा आली आणि ती नागपूरला मावशीकडं गेली. सात महिने मावशीकडं. बायका विहिरीवर आवाज उतरवून बोलायच्या: "पाय घसरला." पाय नेहमी बाईचाच घसरतो, जमीन कुणी निसरडी केली, त्याला क्रियापद नाही. काढे दिले म्हणे, पपई खायला घातली म्हणे, काही उपयोग झाला नाही म्हणे. ती परत आली ती एकटीच, आणि आमच्या आयांनी आम्हांला तिच्याकडं भरतकामाला जायची बंदी केली. वर्षभरानं आदिलाबादकडच्या एका बिजवराला तिला दिली. त्या लग्नाला सगळी गल्ली जेवायला होती. मीही होते. जिलबी होती.

तिच्या लेकराचं काय झालं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

मराठीत "नाव ठेवणे" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पाळण्यापाशीचा, एक विहिरीवरचा. ज्याचं पहिलं होत नाही त्याचं दुसरं जन्मभर होतं.

विद्याबिद्या शिकल्यावर कळलं की हे दुखणं गल्लीएवढं लहान नव्हतं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, येऊन गुपचूप बाळंत व्हा म्हणून पाट्या लावल्या. जोतीरावांनी १८८४ साली लिहून ठेवलेला हिशेब असा की तोवर पस्तीस विधवा तिथं बाळंत झाल्या आणि लेकरं जगली फक्त पाच. बाकीची आयांनी आधी घेतलेल्या औषधांनीच गेली. तो आकडा वाचला तेव्हा मला विहिरीवरची पपई आठवली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी स्वतः दत्तक घेतला. आणि १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला तान्हं मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती शिक्षा पुढं कमी झाली; पण पेपरांनी तेवढ्यात समस्त बायकांना झोडपून घेतलं. त्याला तोंडावर उत्तर दिलं ते आमच्याच वऱ्हाडातल्या बाईनं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी. "स्त्रीपुरुषतुलना" १८८२ची. त्यांच्या रागाचा रोख एकच होता: या सगळ्यात पुरुष कुठं आहे?

पुरुष तिसऱ्या दुकानात पावत्या फाडतोय.

चहा येतो. बापूजी बशीत ओतून पितात आणि अडचण समजावून सांगतात. मुलीला उद्देशून, कारण फाइल तिच्या हातात आहे.

"हे पाय बेटा. आजाचं नाव बाप म्हणून ठेवलं, तं कोलाम म्हणून तुहं काम सरळ. आजाचा जुना पुरावा हाये, १९५०च्या आधीचा. कोतवाल बुकाची नक्कल हाये. पण पडताळणी समितीनं चौकशी केली, पोडावर माणूस पाठवला, तं खोटं निघन. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा, अन् तुहा प्रवेश गेला. बरं, खरं लिवलं, त्या माणसाचं नाव घातलं..." ते थांबतात. "तं थो आदिवासी नाई. जात बापाची धरतात. तुही जमात अडचणीत."

मुलगी ऐकतेय. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेतला प्रश्न दुसऱ्यांदा वाचणाऱ्या मुलीचा भाव आहे.

बापूजी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेले काही कागद काढतात. हे त्यांचं भांडवल. २०१२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, गुजरातचा: बाप क्षत्रिय, आई आदिवासी, मुलगा आईकडं आईच्या समाजात वाढला, तर केवळ बापावरून त्याचा दावा फेटाळता येत नाही, आपण आईच्याच समाजात वाढलो आणि तेच भोगलं, हे त्यानं पुराव्यानं दाखवायचं. "पण थो लग्नाचा मामला होता. बिनलग्नाच्या लेकराले कसा लावतीन, थे समितीच्या हातात." दुसरा कागद २०१५चा: बिनलग्नाची आई एकटी पालक होऊ शकते, बापाचं नाव सांगायची तिच्यावर सक्ती नाही. "थ्या केसमधली बाई शिकलेली, नोकरीवाली, ख्रिश्चन." मग थोडे खुशीत येऊन ते मला सांगतात, "मॅडम, गंमत पहा. १९५६चा हिंदू पालकत्वाचा कायदा. त्याच्यात स्पष्ट लिहेल हाये, असं लेकरू असन तं पालक आधी आई, मंग बाप. चांगला कायदा. अन् त्याच्यातच वर लिहेल हाये, अनुसूचित जमातीले लागू नाई."

चहाचा पेला खाली ठेवताना मी न राहवून बोलते. दोन तास आत साठलेलं. म्हणते, "बापूजी, पण त्याचं नाव लिहाच ना एकदा कुठंतरी. पोटगीचा अर्ज करा. अनौरस लेकरालाही पोटगी मिळते, जुन्या १२५ कलमातही होतं, नव्या कायद्यात १४४ आहे. डीएनए करायला लावा. सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त कागदालाच ठाऊक नाही, हे कुठवर चालायचं?"

बापूजी काही म्हणत नाहीत. असे अर्ज त्यांनी लिहिलेत. तारखांना यवतमाळ, पांढरकवडा करता करता रोजी बुडते, मग मधल्या कुणीतरी हातावर पैसे ठेवून मिटवलेलंही त्यांनी पाहिलंय.

आई माझ्याकडं बघते. रागानं नाही. भाजीवाल्यानं चुकीचं वजन लावावं आणि आपण ते त्याच्या लक्षात आणून द्यावं, तसं.

"ताई, थ्याचं नाव माह्या पोरीच्या कागदावर कायले पाह्यजे?"

मला उत्तर सुचत नाही.

"वावर मी निंदलं. शाळेत मी घातलं. सिकलसेलची तपासनी कराले दवाखान्यात मी नेलं. थ्यानं काय केलं? अन् नाव लिवलं तं पोरगी थ्याची होते, माह्या जातीची राहत नाई. असं म्हन्ते ना हे?" ती बापूजींकडं बोट करते. "मंग थ्याले फुकटात पोरगी कायले देऊ मी?"

मुलगी आईच्या दंडावर हात ठेवते आणि कोलामीत काहीतरी सांगते, हळू. आईचा आवाज खाली येतो. पाठीमागचा चौथ्या नंबरवाला शेतकरी, ज्याचं काम झालंय तरी जो उठलेला नाही, खोकल्यासारखं करतो आणि उगीच आभाळाकडं बघतो.

मी इतकी वर्षं या प्रश्नावर जे वाचलं, जे लिहिलं, त्यात न्याय म्हणजे त्या माणसाचं नाव उघड होणं हेच गृहीत होतं. ताराबाईंचा प्रश्न माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसलेला. ही बाई तो खिळा उपटत नाही. त्याला पिशवी अडकवून आपल्या कामाला लागते.

"मंग काय लिवू?" बापूजी विचारतात. "अज्ञात?"

"अज्ञात म्हंजे?"

"ठाऊक नाही, असं."

"मले ठाऊक हाये ना. अज्ञात कायले लिवता? लोक म्हनतीन, हिले ठाऊक बी नाई." तिच्या कपाळावर पहिल्यांदा आठी येते.

बापूजी टाइपरायटरवरचं प्लॅस्टिक काढतात. कागद, कार्बन, कागद. कडा टेबलावर आपटून सारख्या करतात आणि रोलरमध्ये घालतात. मग दहा मिनिटं नुसता खटखटाट. मधेच "र" अडकतो, तो ते टोकदार काडीनं सोडवतात. मायलेकी गप्प. आई थैलीचं तोंड उघडून आतली पाकिटं मोजते, पुन्हा बांधते.

कागद बाहेर येतो. बापूजी तो मुलीच्या हातात देतात. "वाच, तुह्या मायले ऐकव."

मुलगी शाळेत धडा वाचावा तशी उभी राहून वाचते. नाव, वय, जमात कोलाम, धंदा शेतमजुरी, राहणार अमुक पोड. "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, अर्जदार हिची मी जन्मदात्री आई असून जन्मापासून तिचे पालनपोषण मी एकटीने..."

"थे पुन्हा वाच."

"कोणतं?"

"मांगचं."

मुलगी पुन्हा वाचते, मुद्दाम जरा भरभर. आई पदराचं टोक दातात धरून ऐकते. शाळेच्या नोंदीत आजोबांचं नाव चुकीनं लागलं, हा मजकूर पुढं येतो. तो बापूजींनी असा रचलाय की गुरुजींवर काही येऊ नये. मग शेवटचा तक्ता. आईचे नाव. त्याखाली, वडिलांचे नाव.

"निरंक," मुलगी वाचते.

"म्हंजे?"

"काही नाही, असं," बापूजी सांगतात. "सरकारी शब्द हाये. ज्या रकान्यात लिवासारखं काही नसते, तिथी लिवतात. पावसाच्या रजिस्टरात लिवतात, पाऊस नाई पडला तं."

"असा शब्द हाये?"

"हाये ना. मोठमोठे साहेब लिवतात."

तिला हसू येतं, तोंडावर हात जातो. "बरा हाये," ती म्हणते.

हे समितीपुढं टिकेल का, बापूजी सांगत नाहीत, मीही विचारत नाही. ते स्टॅम्पपॅड उघडतात. आईला सही येते, मुलीनंच शिकवलीय. पण बापूजींची पद्धत सहीसोबत अंगठाही घेण्याची. ती सही करते, अक्षर एकेक, दम घेत. मग अंगठा. शाई जास्त लागते, ठसा फुगतो. अंगठा हवेत धरून ती पुसायला काही शोधते. भिंत हाताशी आहे, डागांनी भरलेली. तिकडं ती बघते आणि अंगठा आपल्या केसांत पुसते, कानामागं, दोनदा.

"किती झाले?"

"टायपिंगचे दे. बाकीचं पोरगी नर्स झाली का इंजेक्शन फुकट मारून देईन मले."

टपोरे थेंब अचानकच येतात. कृषी केंद्रांसमोरची दाटी आडोशाला पळते, तिसऱ्या दुकानाचा माणूस बाहेर येऊन बियाण्याच्या पेट्यांवर ताडपत्री ओढतो. बापूजी टाइपरायटरवर प्लॅस्टिक टाकतात. मुलगी फाइल कुर्त्याखाली लपवू बघते, ती मावत नाही. आई तिच्या हातातून फाइल घेते, थैलीचं तोंड सोडते, कपाशीच्या पाकिटांमध्ये ती उभी खोचते आणि वर सुतळीची घट्ट गाठ मारते. थैली डोक्यावर, तिच्यावर टोपल्या पालथ्या. चौकात काळीपिवळीवाला हॉर्न वाजवतोय. दोघी पळत सुटतात.

"सहावा नंबर," बापूजी म्हणतात.